पहिले डाव दखाड

"पहिले डाव दखाड, मंग नाव सांग." आमच्या बुद्धिबळाच्या ग्रुपवर कुणी कुणावर लबाडीचा संशय घेतला की अप्पांचं हे एकच उत्तर यायचं. तेही लिहिलेलं नाही. त्यांचा आवाजच यायचा.

शहाद्याच्या बसस्थानकावर तीस वर्षं त्यांनी गाड्या पुकारल्या होत्या. त्यामुळे मोबाईलवरही ते असे बोलत, जणू फलाटावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. निवृत्तीनंतर त्यांनी हा ग्रुप काढला. तालुक्यातले साठ-सत्तर खेळाडू, सगळे डाव ऑनलाइन, प्रमुख अप्पा. मी गणिताचा मास्तर, त्यांच्या घरापासून चार घरं सोडून राहणारा.

तुम्हीही असे ग्रुप पाहिले असतील. हरलेल्या माणसाला वाटतं, समोरचा नक्की संगणकाला विचारून खेळतो. मग तो त्याचं नाव चारचौघांत टाकतो, खाली पंधरा जण 'मलाही शंका होतीच' असं लिहितात आणि निकाल लागून जातो. अप्पा अशी पोस्ट काढून टाकत, डाव मागवत, चष्मा कपाळावर चढवून चाल न् चाल तपासत. खरोखरच लबाडी सापडली, तर त्या माणसाला एकट्याला फोन करत. असे दोघे-तिघे सापडले. ते कोण, हे मी कितीदा चहा पाजला तरी त्यांनी मला सांगितलं नाही.

मग एकदा मीच हरलो. कळसाडीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका बाईंनी मला लागोपाठ तीन डावांत हरवलं. त्यांची प्रत्येक चाल सारख्याच वेळाने यायची. सोपी असो की अवघड, पाऊण मिनिट. माणूस असा खेळत नाही, हे मला माझ्या गणिताने पटवलं. अप्पा त्या दिवशी लेकीकडे सुरतेला निघाले होते. मी बाईंचं नाव, गाव टाकून ग्रुपवर लिहिलं, की या संगणक लावून खेळतात.

संध्याकाळी अप्पांनी ते पाहिलं आणि काढलं. तोवर ते कळसाडीत पोचलं होतं. बाईंनी ग्रुप सोडला.

दोन दिवसांनी अप्पा परत आले ते थेट माझ्या ओट्यावर. तिसरा डाव त्यांनी मोबाईलवर उघडला. तेविसाव्या चालीला माझा हत्ती फुकट पडला होता आणि बाईंनी तो घेतलाच नव्हता. संगणकाने तो सोडला असता का, असं त्यांनी विचारलं.

"मास्तर," ते म्हणाले, "तू हारना, इतलंच माले दखाई ऱ्हायनं."

डावात लबाडी नव्हती, फक्त माझी हार होती. मी लगेच ग्रुपवर माफी लिहिली. अप्पांना ती पुरेशी वाटली नाही. रविवारी सकाळच्या बसने ते मला कळसाडीला घेऊन गेले.

गिरणी चालू होती. बाई चाळिशीच्या, केसांवर पीठ. ग्रुप सोडला तरी त्यांनी खेळ सोडला नव्हता. मोबाईल खिडकीच्या कठड्यावर होता. धान्य ओतायचं, खाली पिठात बोटं फिरवून बघायची, हात पुसायचे, एक चाल खेळायची. पुन्हा धान्य. त्यांचं ते पाऊण मिनिट माझ्या डोळ्यांसमोर होतं.

मी माफी मागितली. त्यांनी मशीन थांबवलं नाही, फक्त आवाज चढवला. "मोबाईलमा वाचं मी. पन आठल्या बायासले कोन सांगी? त्या माले हासतस."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. कोपऱ्यातलं एक पोतं झटकून त्यांनी बसायला जागा केली, माझ्यासाठी आणि स्वतःसाठीही.

दुपारपर्यंत आम्ही तिथे बसलो. दळणाचा डबा घेऊन येणाऱ्या तिथल्या प्रत्येक बाईला मी सांगत होतो, की मी हरलो होतो आणि रागाच्या भरात खोटं लिहिलं. एका म्हातारीने विचारलं, बुद्धिबळ म्हणजे काय. ते अप्पांनी तिला समजावलं, आपल्या फलाटावरच्या आवाजात, आणि शेवटी म्हणाले की ही बाई आमच्यात सगळ्यात पुढे आहे. म्हातारी वळून गिरणीवालीकडे पाहतच राहिली. तेव्हा कुठे बाईंनी मशीन बंद केलं आणि आमच्यासाठी चहा टाकला.

त्याच आठवड्यात त्या ग्रुपवर परत आल्या. अप्पांशी त्यांचा एक लांब चालणारा डाव सुरू झाला, दिवसाला एक चाल.

गेल्या हिवाळ्यात अप्पा झोपेतच गेले. डाव अर्धा राहिला. अप्पांच्या चालीची मुदत संपल्यावर मोबाईलने आपोआप बाईंना विजयी ठरवलं आणि तसं ग्रुपवर झळकलं. कुणीतरी सवयीने अभिनंदनाचा अंगठाही दिला.

थोड्या वेळाने बाईंनी पटाचा फोटो टाकला. अप्पांचं एक प्यादं वजीर व्हायला दोनच घरं उरली होती आणि वाटेत अडवणारं कुणी नव्हतं. खाली बाईंनी लिहिलं होतं, "हाऊ डाव मन्हा नही. अप्पासना व्हता."