आमच्या दारापुढचा थांबा

सर्वणहून डिचोलीला जाणारी सकाळची बस आमच्या दारापुढे थांबायची. तिथे थांबा नव्हता. बायको डिचोलीच्या शाळेत शिकवायची आणि रोज तिला उशीर व्हायचा. केसांत पिन खोचत ती ओरडायची, "येता रे, येता!" आणि कंडक्टर बस धरून ठेवायचा.

ती वारली तरी बस थांबत राहिली. ड्रायव्हर हॉर्न द्यायचा, मी बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, बसल्या बसल्या हात वर करायचो, बस निघायची. मुलगी परदेशात. घरी मला हाक मारणारं असं काही उरलं होतं तर तो हॉर्न.

माझी नोकरी बसच्या वेळा बसवण्याची. या बसच्या लोकांची डिचोलीहून पुढची पणजीची बस रोज चुकायची. वेळ कुठे जातो ते पाहायला मी एका सकाळी पहिल्या थांब्यावरून चढलो. कुठे किती चढले, किती उतरले, बस किती वेळ उभी राहिली, हे टिपत होतो.

आमच्या दारापुढे बस थांबली. हॉर्न वाजला. बाल्कांवात कोणी नव्हतं. मी तर आत बसलो होतो.

"आतांच चडला न्ही तो? इतल्यात घरा सोडटा?" भाजीची पाटी घेतलेली बाई मागून ड्रायव्हरला म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो.

ड्रायव्हर ओशाळला. "सवय, काका. पांय आपसूक ब्रेकार वता. शाळेची बाई येतली अशें दिसता."

चढले शून्य, उतरले शून्य. मी लिहिलं.

हिशेब सरळ होता. आमच्या दारी, देवळाकडे, असं थांबा नसताना थांबणं बंद केलं की पणजीची बस मिळत होती. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "तुमच्या दारचं राहू दे हो. कोण विचारतो?"

"देवळाकडचं काढायचं आणि माझं ठेवायचं? तिथे निदान माणसं चढतात."

नवं वेळापत्रक लागलं त्या सकाळी मी चहा घेऊन बाल्कांवात बसलो. वळणावर बसचा आवाज आला तसा हात वर गेला. ड्रायव्हरची नजर समोर रस्त्यावर होती. नियमाप्रमाणे तशीच असायला हवी.

बस निघून गेल्यावर मी घड्याळ पाहिलं. वेळेवर होती.