आमच्या घरचा रात्रीचा नैवेद्य

नवऱ्याला हार्ट अटॅक आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर बर्गरचे डबे उघडे पडले होते. मी घरी नव्हते, शाळेच्या मीटिंगमध्ये अडकले होते. सासरे देवळात कीर्तनाला गेले होते. घरात बापलेक दोघंच. सोळा वर्षांच्या पोरीने शेजाऱ्यांचं दार ठोठावलं, बापाला गाडीत घातलं, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मग मला फोन केला. "आई, जल्दी ये, बाबांना काहीतरी होतंय," एवढंच म्हणाली. मी पोचेपर्यंत त्याला आत नेलं होतं आणि ही बाकावर बसली होती, बोटांना सॉस तसाच.

नवरा वाचला. स्टेंट बसला. चौथ्या की पाचव्या दिवशी डॉक्टर खाटेशी उभे राहून म्हणाले, "वकील साहब, पहली बार में बच गए। दूसरी बार का वादा मैं नहीं करूँगा। बाहर का तला-भुना, मैदा, सब बंद।" नवऱ्याने मान डोलावली. माझं लक्ष मुलीकडे होतं. ती डॉक्टरांकडे बघतच नव्हती. बापाच्या छातीवरची चादर वर-खाली होते की नाही, ते बघत होती.

घरी आल्यावर सगळं बदलणार, असं आम्ही ठरवलं. ठरवायला काय जातं? आमचं घर या हिंदी मुलखातल्या शहरात, लष्कर नावाच्या भागातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. मी सकाळी शाळेत शिकवते, संध्याकाळी कोचिंगमध्ये. नवऱ्याची वकिली, सकाळी कोर्ट आणि संध्याकाळी नया बाज़ारातलं ऑफिस. मुलगी शाळेतून परस्पर क्लासला. घरी दिवसभर एकटे सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. सकाळी त्यांचं भात-वरण मी झाकून जाते, रात्रीचं मात्र कित्येक वर्षं मोबाईलवरून यायचं. छोले-भटुरे, रोल, पिझ्झा, नूडल्स. अण्णा त्यातलं काहीच खात नसत. ते रात्री दूध-पोहे खाऊन उठायचे. स्वयंपाकघरातला एक खण नुसत्या सॉसच्या पुड्यांनी भरला होता, आणि मला त्याची लाज वाटण्याऐवजी सोय वाटायची.

पहिले काही आठवडे मी तोंडाच्या जोरावर घर चालवलं. मी चिडकी आहे, ते माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मान्य आहे. कोचिंगमधून आले की चप्पल काढता काढताच माझं सुरू व्हायचं. भाजी कोणी निवडली नाही, कुकर कोणी लावला नाही, मला काय दहा हात आहेत का? नवरा म्हणायचा, "अगं, एक दिवस मागवू या ना, सूप मागवू." सूपसोबत ब्रेड यायचा, ब्रेडसोबत बटर यायचं. भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी. एका गुरुवारी माझं डोकं इतकं दुखत होतं, की मीच मोबाईल उघडला. मुलीने तो माझ्या हातातून हिसकावला. "आई, तू पण?" ती ओरडली. "तुला काही फरकच नाही पडत का?" मी तिला एक थप्पड मारणार होते. हात उचलला आणि तसाच खाली घेतला, कारण ती रडत होती.

अण्णा हे सगळं आतून ऐकत होते. ते बाहेर आले आणि म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून रात्री देवाला पूर्ण नैवेद्य दाखवायचा. देवाला जे दाखवता येत नाही, ते या घरात कोणाच्या ताटात येणार नाही."

खरा नैवेद्य दुपारचा. पण दुपारी आमच्या घरी असतं कोण? दुपारी देवाला दूध-साखर, आणि रात्री पूर्ण ताट, अशी अण्णांनी चक्क देवांच्याच जेवणाची वेळ बदलली. त्यांच्यासारख्या माणसाने हे केलं, याचं मला तेव्हा नीट मोल कळलं नाही. मला कळलं ते इतकंच, की आता मला भांडावं लागणार नव्हतं. पिझ्झाचं खोकं देवापुढे ठेवायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. कांदा-लसूण गेला. वरण, भात, एक भाजी, कोशिंबीर, पोळी. अण्णा कुकर लावून ठेवायला शिकले. मुलगी क्लासहून येऊन काकडी चिरायची. मी पोळ्या लाटायची. मग अण्णा देवघरापुढे पाण्याने चौकोन काढायचे, त्यावर ताट ठेवायचे, तुळशीचं पान घालायचे, डोळे मिटायचे. आम्ही तिघं मागे उभे. पोटात कावळे ओरडत असायचे आणि अण्णांचे डोळे काही उघडायचे नाहीत.

"अण्णा, देवाचं झालं असेल आता," नवरा पुटपुटायचा.

"तुझ्यासारखं गिळत नाहीत ते," अण्णा डोळे न उघडता म्हणायचे.

हसू यायचं तेव्हा. पण ते हसूही घाबरतच यायचं. त्या महिन्यांत आमच्या घरात कोणीच मोकळं हसलं नाही. कोर्टातून फोन यायला उशीर झाला, की मी वर्ग सोडून फोन लावत बसायचे. नवरा जिना चढून आला की मुलगी दारातच उभी असायची, त्याला धाप लागली का ते बघत. त्याला ते आवडायचं नाही. "मला काय झालंय? मी काय काचेचा आहे?" असं म्हणून तो तिच्या बाजूने निघून जायचा. तिने मैत्रिणींबरोबर मोमोज खाणं सोडलं, वाढदिवसाचा केक सोडला. बाबा नाही खाऊ शकत तर मी पण नाही, असं एकदाच म्हणाली. तिचे गाल बसले. तिच्या गणवेशाच्या पट्ट्याला मी नवीन भोक पाडलं आणि मनात देवाला विचारलं, नक्की कोण आजारी आहे या घरात?

मग रक्ताचा रिपोर्ट आला आणि आमच्यावर आभाळ कोसळलं. कोलेस्टेरॉल वगैरे काही म्हणजे काहीच उतरलं नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा काढला. "घर में तेल कितना लगता है?" त्यांनी मला विचारलं. मला! मी वर्गात पोरांना दरडावते ती, तिथे चोरासारखी मान खाली घालून बसले. नवरा शेजारी रिपोर्टची घडी घालत होता.

त्यानंतर मी भाज्या वाफवायला लागले. फोडणी नावाला. पोळीला तेल नाही. आणि एक दिवस धीर करून अण्णांना म्हटलं, "नैवेद्याच्या भातावरचं तूप..." भातावर तूप नाही तर अन्नाची शुद्धी नाही, हे त्यांनी लहानपणापासून पाळलेलं. त्यांनी तुपाची वाटी उचलून देवघरात नेली. मग म्हणाले, "देवाच्या वाट्याला थेंबभर. आपल्याला नको." दुसऱ्या दिवसापासून तेही कोरडा भात गिळायला लागले. म्हाताऱ्या माणसाला घास उतरत नव्हता. दर घासाला पाणी प्यायचे.

नवरा ते बघत होता. रोज समोर बसून बघत होता.

आणि मग तो शनिवार. मुलीला प्रोजेक्टसाठी गोटा-किनार, म्हणजे जरीची पट्टी, हवी होती, ती क्लासनंतर टोपी बाज़ारात गेली. येताना नया बाज़ाराच्या अलीकडे कचोरीच्या एका गाडीपाशी तिला बाप दिसला. काळा कोट हातावर, दुसऱ्या हातात द्रोण. ती त्याच्या मागेच उभी राहिली. त्याने एक संपवली, न मागता गाडीवाल्याने दुसरी घातली, वर आलूची भाजी. बाप खाऊन हात पुसून ऑफिसच्या दिशेने गेला. त्याला ती दिसली नाही. ती पुढे झाली तेव्हा गाडीवाला म्हणाला, "वकील साहब को जानती हो? रोज़ के ग्राहक हैं अपने।" तिने त्याच्याकडून दोन कचोऱ्या बांधून घेतल्या.

हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी ती घरी आली, पण काकडी चिरायला बसली नाही. मी चिडले. नवरा आला, हातपाय धुऊन देवघरासमोर उभा राहिला. अण्णांनी पाण्याने चौकोन काढला. ताट ठेवायला ते मागे वळले, तेवढ्यात मुलगी पुढे गेली आणि तिने त्या चौकोनावर कागदाची पुडी ठेवली. तेलाने पारदर्शक झालेला कागद. तिने तो उलगडला. घरभर कचोरीचा वास पसरला.

"दाखवा देवाला," ती म्हणाली. "हाच आहे आपल्या घरचा नैवेद्य. रोजचा."

मला आधी काही समजेना. मी ओरडले, "काय करतेयस? सोवळं-ओवळं काही कळतं का?"

"मला नको विचारू. यांना विचार." तिचा आवाज फाटला. "बाबा, बोला ना! रोज़ के ग्राहक आहात तुम्ही. मी स्वतः बघितलं. झूठ बोलले तुम्ही आमच्याशी, सगळ्यांशी, डॉक्टरशी पण."

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. मला रागाआधी भीतीच वाटली, की आत्ताच याला काही होईल. पण वकील तो वकील. "हे बघ," तो म्हणाला, "नियम घरातल्या ताटाचा होता. कोर्टात दिवसभर माणूस... एखाद दिवशी..."

"आम्ही कोरडा भात खातोय!" मी म्हणाले. मला पुढचं बोलायचं होतं, पुष्कळ बोलायचं होतं, माझ्याकडे शब्दांची कधी टंचाई नसते. पण मी ताटातल्या कोरड्या भाताकडे बघत राहिले. ज्या तेलाच्या थेंबासाठी मी महिनाभर स्वतःला कोसत होते, ते सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्या क्षणी मला हा माणूस नकोसा झाला, अगदी खरं सांगते.

अण्णा अजून पाटावर बसलेले. ते आता पुडी उचलून फेकणार, असं मला वाटलं. त्यांनी पळी घेतली. पुडीभोवती पाणी फिरवलं. थोडं पाणी कागदावर सांडलं. तुळशीचं पान त्यांनी कचोरीवर ठेवलं, डोळे मिटले, आणि रोजच्याइतकाच वेळ घेतला. मग डोळे उघडून त्यांनी एक कचोरी उचलली आणि घास घेतला.

ज्या माणसाने लग्नाकार्यातही दही-भाताशिवाय कधी काही खाल्लं नाही, तो बाजारची कचोरी खात होता.

"अण्णा, काय करता?" नवरा पुढे धावला. "नका खाऊ. तुम्हाला नाही सोसायची."

"प्रसाद आहे. प्रसाद टाकायचा नसतो."

"मी टाकतो. पाप मला लागू दे. अण्णा, ऐका, त्रास होईल तुम्हाला." त्याने त्यांचं मनगट धरलं. अण्णांनी ते सोडवून घेतलं आणि दुसरा घास घेतला. त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी चावतच राहिले. नवरा त्यांच्यापुढे फरशीवर गुडघे टेकून बसला. "अण्णा, पाया पडतो तुमच्या. बस करा."

अण्णांनी घास गिळला. "तुला आत्ता जे होतंय ना," ते म्हणाले, "ते या पोरीला रोज होतं."

नवरा रडायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते आणि आवाज येत नव्हता. मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि ठेववेना.

मुलगीच पुढे आली. तिने आजोबांच्या हातातला उरलेला तुकडा काढून घेतला, त्यांना पाणी दिलं. मग पुडीतली दुसरी कचोरी घेतली आणि आजोबांच्या शेजारी बसून मोडायला लागली. प्रसाद टाकायचा नाही, तर संपवायला हवा होता. तिने एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. एक स्वतःच्या तोंडात घातला, डोळे पुसत पुसत चावला.

नवऱ्याने उजव्या हाताखाली डावा धरून हात पुढे केला. मुद्दाम नाही. लहानपणापासून प्रसाद घेताना जसा हात पुढे होतो, तसा तो झाला. डोळे अजून ओलेच होते, आपण काय करतोय हे त्याला कळलंही नसावं. प्रसादासाठी पुढे आलेला हात रिकामा परत पाठवायचा नसतो, परक्याचासुद्धा. आमच्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही.

मुलीने त्या हाताकडे बघितलं. हातातला शेवटचा तुकडा तिने आपल्याच तोंडात घातला. मग बापाची बोटं एकेक करून मिटवली आणि ती रिकामी मूठ आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरली.

"तुम्हाला नाही, बाबा," ती म्हणाली, आणि तिने मूठ सोडली नाही.