कुंपणाबाहेरून दिसणारा काटा

विट्याजवळच्या एका वीज उपकेंद्रातली ती तेलचोरीची फिर्याद निवृत्तीनंतरही माझ्या मनातून जात नाही. तिथल्या मोठ्या रोहित्रातलं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधलं, तेल इतकं खाली गेलं होतं, की यंत्रणेने ते आपोआप बंद केलं आणि आसपासच्या गावांची वीज गेली. ऑपरेटर मात्र रोज 'पातळी ठीक' म्हणत होता. साहजिकच संशय त्याच्यावर आला.

त्यात खबऱ्याचा फोन. "साहेब, रोज दुपारी एक बाई कुंपणाभाईर हुबी ऱ्हाते. वर बघते आन् हातानं आतल्याला खुणा करते."

खुणा म्हटल्यावर पोलीस कान टवकारणारच. चौकशीत कळलं, ती ऑपरेटरचीच बायको.

ऑपरेटरला ठाण्यात बोलावलं. पन्नाशी ओलांडलेला, सरळ माणूस. "त्याल म्या न्हाई घेतलं," एवढंच म्हणायचा. "मग खोटी पातळी का सांगितली?" विचारलं की गप्प. चोर सहसा फार बोलतो, म्हणून मला हे खटकलं.

तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. डबा तपासून तिला शेजारी बसवलं. जबाबावर वेळ टाकायची होती, म्हणून मी ऑपरेटरला सहज म्हटलं, "घड्याळात बघा, किती वाजले?" भिंतीवर चांगलं परातीएवढं घड्याळ. त्याने वर पाहिलं आणि मान बायकोकडे वळवली.

"दीड झाला, आवं," ती हळूच म्हणाली.

मी हवालदाराला बाहेर पाठवलं. मग तीच बोलली. "ह्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. त्यालाचा काटा लय उंचावर. एकदा लाइन चालू आसताना हे शिडीवर पाय टाकाय लागलं. म्या माझ्या गळ्याची शपत घातली. म्हनलं, म्या बघून सांगते."

चालू रोहित्राजवळ जायचं नसतं, काटा लांबूनच वाचायचा असतो. बारीक काटा त्याला दिसत नसला तरी तिचा हात अंधुक दिसायचा. तो डोक्यावर गेला की तेल ठीक, खाली सोडला की कमी. पण ती म्हसवडला माहेरी गेली, सिद्धनाथाच्या यात्रेला, आणि इकडे पठ्ठ्याने तिच्या शेवटच्या खुणेवरच दिवस ढकलले.

"डोळ्यांचं सांगितलं का नाही?" मी ऑपरेटरला विचारलं.

"घरी बसवलं आसतं, साहेब. ह्या कामाबिगर मला काय येतंय?"

अभियंत्यांनी लाइन बंद करून तपासलं. खालच्या व्हॉल्व्हचं पॅकिंग गेलं होतं आणि तेल खडीत मुरलं होतं. चोरी नव्हतीच. तरी मी त्याला चांगलं खडसावलं, कारण अशा थापेने सगळं उपकेंद्र पेटलं असतं. मग त्याच्या साहेबांकडे त्याला घेऊन मी स्वतः गेलो. सांगलीला डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि नोकरी राहिली. गप्प बसलेल्या माणसाच्या पोटात गुन्हाच असतो असं नाही, कधी नुसती भीती असते, हे मी तिथे शिकलो.

पुढे शिराळ्याच्या नागपंचमी बंदोबस्ताला जाताना तिथे मुद्दाम गाडी थांबवली. बाई कुंपणाबाहेर, हात डोक्यावर.

"आता दिसतंय ना तुम्हाला?" मी ऑपरेटरला विचारलं.

"लख्ख दिसतंय, साहेब. आधी म्या वाचतो, मंग तिचा हात बघतो. दोनी जुळलं की लिवतो."

मला त्या दोघांचं फार कौतुक वाटलं. घरी परतल्यावर बायकोला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "माझं काही चुकतंय असं दिसलं, की तूही असा हात खाली सोडत जा."

"मग तो वर कधी जायचा?" ती म्हणाली.