वॉर्ड पाचचा हात

आमचा गाव इब्रामपूरच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेला. माणसं हजार-अकराशे, वॉर्ड पाच, पंचायतीत निवडून गेलेले पंच पाच. तलाठी पेडण्याहून येतो तेव्हा येतो, आणि पोलीस यायला निदान कुणाचं डोकं फुटावं लागतं. आमचा वरचा वाडा, म्हणजे डोंगराकडची वस्ती, हा वॉर्ड नंबर पाच. ती जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा सरपंच कृष्णनाथनं माझ्या थोरल्या सुनेला, देवकीला, उभी केली. गरीब गाय, सांगेन तिथं सही करील, असं वाटलं त्याला. फसला मेला!

कृष्णनाथची चिऱ्यांची खाण आमच्या वाड्याच्या डोक्यावर. खणता खणता आमच्या पिण्याच्या झरीचं पाणी तांबडं झालं. आता त्याला खाण थेट झरीपर्यंत वाढवायची होती. सोमवारी पंचायतीत मतदान. तो धरून दोघे बाजूनं, दोघे विरोधात, पाचवी देवकी. ती पोचली नाही तर बरोबरी, आणि बरोबरीत सरपंचाला जादा मत. झर गेली की वाडा उठला.

आमच्याकडे मोठ्या कामाला निघालेलं माणूस आधी वाटेवरच्या राष्ट्रोळी देवाच्या पायरीवर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतं. त्या सोमवारी मी म्हटलं, "आज नको गे, सरळ जा." देवकी म्हणाली, "आई, देवाक न सांगता कशी जाऊ?" ती तिथं थांबणार हे ज्याला पक्कं ठाऊक, तो आधीच टपून बसलेला. माझा धाकटा, शंभू. कृष्णनाथच्या खाणीवर ट्रक चालवतो.

मला राहवेना, मी मागोमाग गेले. शंभू फावड्याचा दांडा घेऊन वाट अडवून उभा.

"वहिनी, घराक जा."

"बाजूक हो, शंभू."

त्यानं दांडा घातला. तिच्या उजव्या हाताचं हाड मोडलं, तो आवाज मला ऐकू आला. ती तोंडावर पायरीवर आपटली. दात पडला, नारळ रक्तानं माखला. दुसरा घाव पाठीत. तिसऱ्यासाठी त्यानं दांडा उचलला तेव्हा मी तोच नारळ उचलून त्याच्या कपाळात घातला. "मेल्या, तुला जन्मताच नरडं दाबून मारायला हवं होतं!" माझ्या तोंडातून हे निघालं, आणि तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. कपाळाचं रक्त पुसत तो पळाला.

मी म्हटलं, दवाखान्यात चल. देवकीनं पदरानं हात गळ्यात बांधला आणि म्हणाली, "आधी पंचायत."

तिला दारात बघून कृष्णनाथ उठलाच. "अरे, हिला डॉक्टरकडे न्या, सभा पुढे ढकलू!" काय तो कळवळा! देवकी बसलीसुद्धा नाही. विरोधातल्या दोघा पंचांनी सभा ढकलू दिली नाही. विरोधात कोण, असं पंचायतीच्या सचिवानं विचारल्यावर तिनं डावा हात वर केला. हनुवटीवरून रक्त टेबलावर ठिबकत होतं. तीन विरुद्ध दोन. कृष्णनाथनं खुर्ची उचलून तिच्या अंगावर फेकली. खुर्ची जनेलावर आदळली, काचा सगळीकडे उडाल्या. दोघा पंचांनी त्याला आवळून धरला.

मग पोलीस आले. व्हरांड्यात सगळा गाव जमलेला, पण कुणी काही पाहिलं नव्हतं. एवढ्याशा गावात प्रत्येक जण कुणाचा तरी कुणीतरी लागतो ना! फौजदारानं देवकीला विचारलं, "कोणी मारलं?" तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "दिसला नाय. मागसून मारल्यान."

माझ्यासाठी खोटं बोलली बाय. मी पुढे झाले, "मी बघितलं. शंभू. माझा पोटचा. लिहा."

देवकीचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. शंभू कोठडीत आहे. पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा बाटलीत झरीचं गाळलेलं पाणी नेलं. त्यानं तोंड फिरवलं.

"आवशी, आता कित्याक इलंस?"

"पी मेल्या," मी म्हटलं. "वहिनीनं भरून दिलंय."