सुमीच्या ताटातलं मीठ

मी शिकायला परदेशी निघालो त्या दिवशी उचगावच्या आमच्या दारात मुंबईला जाणारी गाडी उभी होती. आईने माझं डोकं खाली ओढून कपाळाचा मुका घेतला, ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाली, "खारट न्हाईस. जा आता." बॅगा गाडीत टाकणाऱ्या वडिलांनी मान वळवली. सुमी गेल्यापासून आई घरातल्या प्रत्येक पोराचं कपाळ असंच चाखून बघायची.

सुमी माझी धाकटी बहीण. भूक दांडगी, पण अंगाला काही लागायचं नाही. बारा महिने खोकला. मुका घेतला की ओठ खारट व्हायचे. आईने आपल्या परीने उपाय शोधला. "पोर आदीच खारट हाय, आनि मीठ कशाला?" आमच्याकडे ताट वाढताना पहिलं मीठ वाढतात, सुमीच्या ताटात ते कधी पडलं नाही. तिची आमटीही वेगळी, आळणी. शाळेत जायच्या आधीच, एका मे महिन्यात, ती मलूल होऊन पडली ती उठलीच नाही. छाती भरली, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं.

मी आज ग्लासगोत बायोकेमिस्ट्री शिकवतो. पेशींच्या भिंतींत बारीक दारं असतात, आयन चॅनल्स. मिठाचे कण त्यांतून ये-जा करतात. त्यातलं एक दार जन्मतः बिघडलेलं असलं तर छातीत चिकट कफ साठतो आणि घामावाटे मीठ वाहून जातं. हा सिस्टिक फायब्रोसिस. माझं सगळं संशोधन त्या एका दारावर. अशा मुलांना उन्हाळ्यात मीठ जास्त द्यावं लागतं, हे लॅबमध्ये पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सुमीचं आळणी ताट आठवलं. सुमीची तपासणी आता होणं नाही, पण मला शंका नाही. छातीने तिला कधीतरी नेलंच असतं. त्या मे महिन्यात नसतं नेलं, असं मात्र वाटत राहतं.

आता त्या दारावर गोळ्या निघाल्या आहेत. हा आजार असलेली इथली पोरं कॉलेजात जातात, लग्नं करतात. असं कुणी भेटलं की मला आनंद होतो, आणि त्या दिवशी घरी जेवण जात नाही. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांना हे ठाऊक असेल, काय काय घरी सांगायचं नाही ते आपोआप कळत जातं.

यंदा गावी गेलो तेव्हा वडील हयात नव्हते. आईची नजर अधू झालीय, तरी चाचपडत तिने ताट वाढलं, आधी मीठ. मग दरवेळचा प्रश्न.

"तू त्येच शिकीवतोस न्हवं? आपल्या सुमीला काय झालंतं, कळलं का रं?"

"न्हाई आई. अजून न्हाई कळलं."

"आसू दे. तुला एवढं शिकून कळंना, मग मला आडानीला तवा कुठनं कळनार हुतं?"

असं म्हणून तिने भाकरी मोडली.

बाहेर सगळीकडे मला जे कळतं त्यासाठी बोलावतात. या एका घरात मला काही कळत नाही, आणि आई दोन घास जेवते.