तळमजला शिल्लक होता

हे मी आजवर ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला सांगते — म्हणजे तोंडाला सवय होईल.

निवृत्ती दोन वर्षांवर आली, तेव्हा आम्ही बोळिंजला फ्लॅट बघत होतो. ह्यांची एकच अट — तळमजला. का? तर निर्मळ गावच्या माईंसाठी. माई ह्यांच्या थोरल्या बहीण. विधवा, मूलबाळ नाही. आई गेल्यावर ह्यांना त्यांनीच वाढवलं. आता गुडघे कामातून गेलेले. दोघं रिटायर झालो की माईंना आणायचं, त्यांचं सगळं करायचं, हे ह्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं — मला न विचारता. त्याचा रागही होता मला. पण तो पुढे करून मी सुटत नाही.

फ्लॅट पक्का करायच्या दिवशी ह्यांना रजा मिळेना, म्हणून बिल्डरकडे मी एकटी गेले. इमारतीला लिफ्ट नव्हती. तळमजल्यावर एक फ्लॅट शिल्लक होता. मागे थोडी मोकळी जागा — माईंना अबोली लावता आली असती. मी नकाशाकडे बघत बसले. तीस वर्षं शाळेत उभी राहिले, आता म्हातारपणी कुणाचं हगणं-मुतणं काढू? अगदी ह्याच शब्दांत आलं मनात. मी तिसऱ्या मजल्यावर बोट ठेवलं आणि घरी येऊन सांगितलं, तळमजले संपले.

ह्यांचा चेहरा पडला. माई निर्मळलाच राहिल्या. किती हुशार मी, नाही?

मी रिटायर झाले त्याच वर्षी न्हाणीघरात घसरले, खुबा मोडला. ऑपरेशननंतर मला खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं. चार दिवसांनी दारात माई! जिना त्या बसून चढल्या होत्या — पाठमोऱ्या, एकेक पायरी. लुगडं मागून धुळीने माखलेलं. दीड महिना राहिल्या. माझं बेडपॅन काढलं, वेणी घातली. मला रडू फुटलं की म्हणायच्या, "रडतंस कशाला? तळमजला नाय भेटला, त्यात तुजा काय दोष?"

तेव्हा तरी बोलायला नको होतं? — गप्प राहिले. रोज.

आता माईंनी अंथरूण धरलंय. आम्ही निर्मळला राहायला निघालोय, सामान बांधून झालंय. हे म्हणतात, मन मोठं आहे तुझं. उद्या तिथे पोचले की दोघांसमोर सांगणार आहे. मग माईंची चादर बदलीन. त्यांनी हात झिडकारला, तरी बदलीन.