बेस गिटार की कानाचं मशीन

सुरुवातीला कुकरची शिट्टी गेली. मग बायकोच्या बोलण्यातले ‘स’ आणि ‘च’ गेले. ती ‘चहा?’ म्हणायची, मला नुसता ‘हा’ ऐकू यायचा, आणि मी मान डोलावून मोकळा व्हायचो. चहा समोर आला की वाटायचं, मी कधी मागितला?

बावीस वर्षं मी हळदी-लग्नांत वाजवणाऱ्या एका पार्टीत बँजो वाजवला. दिवसा वाशिंदच्या कारखान्यात नोकरी, आणि लग्नसराईत संध्याकाळी किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत कुठल्याही मांडवात हजर. बँजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. गाण्याची चाल तोच वाजवतो, म्हणून पार्टीत मान त्याचा. माझ्या मागे बेस गिटार घेऊन माझा मित्र उभा असायचा. चार जाड तारा आणि खालचे सूर. मी त्याच्या वाजवण्याला चारचौघांत ‘ढबढब’ म्हणायचो. तो हसायचा.

गेल्या हंगामात एका हळदीत माझी वरची तार उतरली. मला ते कळलंच नाही. पूर्ण गाणं मी बेसूर तारेवर वाजवत राहिलो. बायका नाचायच्या थांबल्या तेव्हा वाटलं, दमल्या असतील. मग मागून एक हात आला आणि त्याने माझ्या बँजोच्या स्पीकरचा आवाज हळूच शून्यावर नेला. हात मित्राचा होता. त्याच्याकडे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

शहापूरच्या डॉक्टरांनी तपासणीला कल्याणला पाठवलं. तिथे एका बंद खोलीत बसवून कानावर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. थोडा वेळ सगळं ठीक चाललं, मग शांतता पसरली. मी वाजवणारा माणूस. आवाज किती वेळाने येतोय त्याचा अंदाज बांधून तालात बटण दाबत राहिलो. काचेपलीकडच्या बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, “काका, मी मघापासून काहीच लावलेलं नाहीये.”

कागदावर त्यांनी एक रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत सरळ, मग कड्यावरून खाली पडल्यासारखी. वरचे सूर गेलेत, त्या म्हणाल्या, खालचे अजून शाबूत आहेत. दोन्ही कानांना मशीन लावा, आणि उशीर करू नका, कारण न ऐकलेले आवाज ओळखायचे कसे तेही माणूस विसरतो.

मशीनचं बायकोने मनावर घेतलं. माझ्या मनात मात्र एवढंच बसलं, की खालचे शाबूत आहेत.

त्या दिवसापासून मी मोबाइलवर बेस गिटारी बघू लागलो. एका साइटवर एक सापडली. फार जुन्या काळच्या मॉडेलची नवी बनवलेली प्रत होती. मधोमध मधासारखा पिवळा रंग, कडेला काळपट होत गेलेला. लिहिलं होतं की आकार, तारा, खुंट्या, सगळं जुन्यासारखंच, फक्त लाकूड नवं. मी फोटो दोन बोटांनी मोठा करून खुंट्या बघत बसायचो. ‘कार्ट’मध्ये टाकायचो, काढायचो. तिची किंमत आणि मशीनची किंमत जवळपास सारखी होती, आणि घरात दोन्हींपैकी एकाचीच सोय होती.

शेवटी न राहवून मी मित्राकडे गेलो. तो मुरबाडच्या अलीकडे राहतो. म्हटलं, “भाच्याला बेस घ्यायचाय. ऑनलाइन घेतला तर चालेल का?”

त्याने स्वतःचा बेस आणून माझ्या मांडीवर ठेवला. “पयला हातात घेऊन बघ. फोटोवरून काय कळतंय?”

मी सगळ्यात जाड तार छेडली. आवाज कानात यायच्या आधी बरगड्यांत आला. पुन्हा छेडली. दोन वर्षांत एखादा सूर इतका अख्खा, कडा न झिजलेला, मला ऐकू आला नव्हता. डोळे भरून आले आणि मी खाली बघत राहिलो.

मित्र माझ्या समोर येऊन बसला, तोंड दिसेल असा. “भाच्याला नाय. तुलाच पायजे.”

माझं बोट अजून त्याच जाड तारेवर होतं.

“बावीस वर्स ढबढब बोललास,” तो म्हणाला. ओरडला नाही, त्यामुळे जास्त लागलं. “मी हसायचो, कारण पार्टी मोडायला नको. आज तुझं वरचं गेलं, तर माझ्या खालच्यावर हात टाकतोस? तू बेस घेतलास तर मी काय करू रे? टाळ्या वाजवू?”

“तुझ्या जागेवर यायचं नाय मला.”

“मग कुठं वाजवणार? घरात?” मग त्याने मान वळवली. “पुढच्या हळदीपासून बँजोला दुसरा येतोय. सांगायला माझी जीभ वळत नव्हती.”

मी बेस अलगद खाटेवर ठेवला आणि निघालो. एसटीत बसल्या बसल्या मी ती गिटार मागवून टाकली. हौसेने नव्हे. मला काढलं ना, मग बघाच, असा काहीतरी तो राग होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत होतो. फोन आला. पलीकडे कुणी मुलगी बोलत होती एवढं कळलं. शब्द एकही कळेना. “हॅलो? काय? पुन्हा बोला,” असं मी चार वेळा म्हटलं. मग सवयीने फोन बायकोकडे दिला. दोन वर्षं माझे सगळे फोन तीच ऐकत होती. तिच्या हातात फोन गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की हा फोन कशाचा असणार.

ती ऐकत राहिली. तिच्या हातातला घास ताटात परत गेला. फोनवर हात ठेवून ती माझ्याकडे वळली आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने म्हणाली, “गिटारीचं इचारतात. ऑर्डर नक्की हाय ना, पाठवू का, असं. कोणाची गिटार?”

“माझी.”

“मशीनच्या पैशाची?”

मी मान हलवली. ती भांडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “दोन वर्सं वरडतेय मी. शेजारीण इचारते, रोज भांडता का गो? घसा बसलाय माझा, तुमाला ते पण ऐकाया येत नाय.” मग फोन माझ्यापुढे धरला. “पोरगी थांबलेय. काय सांगू?”

त्या क्षणी मला बरगड्यांतला तो सूर आठवत होता, हे लपवत नाही. “नको सांग,” मी म्हणालो. ते प्रेमापोटी म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. मला लाज वाटली होती, एवढंच. पलीकडून कारण विचारलं असावं, कारण बायको जराशी अडखळली. “घरात अडचण हाय,” तिने सांगितलं आणि फोन ठेवला.

महिन्याभरात मशीन आलं. लोकांना वाटतं मशीन लावलं की पूर्वीचं ऐकू येतं. मला ताटल्यांचा खणखणाट आला, चपलांची फरफर आली, बायकोचा आवाज जुन्या रेडिओतून आल्यासारखा पातळ आला. तिचा घसा खरोखरच बसलेला होता. “हळू बोल,” मी म्हणायचो, आणि ती दोन वाक्यं हळू बोलून पुन्हा ओरडायची. तिची सवय जाईना. बँजो एकदाच काढला. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज आला. तो पुन्हा गवसणीत घातला. काही दिवस मी तिच्याशी तुटक वागलो. तिने ते ओळखलं आणि सोसलं. साइटवर एकदा बघितलं, तर गिटारीखाली ‘उपलब्ध नाही’ असं आलं होतं. आधी सुटल्यासारखं वाटलं. मग दिवसभर काही गोड लागलं नाही.

मित्र घरी आला तो त्याच्या पुतणीच्या हळदीचं सांगायला. “वाजवाया नको. जेवाया ये,” म्हणाला.

“ढबढब बोलायचो ते चुकलं माझं.”

“आता बोलून काय,” तो म्हणाला, पण चहा पिऊन गेला.

हळदीला आम्ही दोघं गेलो. नवा बँजोवाला चांगला वाजवत होता. मशीनमधून सगळं चिरकत होतं तरी तेवढं कळत होतं. थोड्या वेळाने मी मशीन काढून खिशात टाकलं आणि मोठ्या स्पीकरच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. चाल गेली, बँजो गेला, बायकांचा गलका गेला. मित्राची बोटं तारांवर चालताना दिसत होती आणि तेच पोटात पोचत होतं. त्याने मला पाहिलं. हसला नाही. वाजवत राहिला. मी किती वेळ उभा होतो सांगता येणार नाही.

मांडवाच्या कडेला बायको हात हलवून काहीतरी म्हणत होती. ओठांवरून मला काहीच कळेना. तिच्याजवळ जाऊन मी मशीन कानाला लावलं आणि तिला पुन्हा बोलायला सांगितलं.

“तुमचं ताट वाढलंय,” ती म्हणाली, मोठ्याने.